लग्नाची जुनी कॅसेट यूट्यूबवर नीट दिसावी म्हणून आधी काय काय करावं?

रानजाई | ४ जून, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

माझ्या लग्नाची कॅसेट मे १९९६ची, कोल्हापूरची. माझी मोठी आत्या नाशिकला असते, वय ८४. गुडघ्यांमुळे तिचं आता कुठे जाणं-येणं होत नाही. परवा फोनवर म्हणाली, "तुझ्या लग्नात हे होते, वहिनी होत्या, सगळे होते. एकदा बघायचंय गं." कॅसेटची २००६ साली एका दुकानातून डीव्हीडी करून घेतली होती. ती लॅपटॉपवर उतरवली, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नको ते कापलं, एमपी४ केलं आणि फक्त घरच्यांसाठी म्हणून यूट्यूबवर चढवलं.

बघवत नाही हो. कोणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. सगळी माणसं आडवी पसरल्यासारखी दिसतात. आणि अक्षता पडतात ती दहा सेकंदं म्हणजे नुसते चौकोन. नेमकी तिथेच आजी दिसते, हात उचलून अक्षता टाकताना. तिच्या चेहऱ्याचे चार-पाच ठोकळे झालेत.

हीच डीव्हीडी पूर्वी टीव्हीवर लावायचो तेव्हा इतकी वाईट दिसत नव्हती. मग बिघडलं कुठे?

आजीच्या जात्यावरच्या ओव्याही आहेत. काकांनी २००२ मध्ये हँडीकॅमवर घेतल्या, मिनीडीव्हीची टेप आहे. ती एकच प्रत आहे, त्यामुळे आधी विचारून घेते आणि मगच हात लावते.

डोंबिवलीकर | ४ जून, रात्री ११:३५

रानजाई, तीस वर्षं लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं चित्र चढवताना गेलेलं नाही, चढवायच्या आधीच गेलं होतं. कॅसेटवरून डीव्हीडी झाली तेव्हा ते एकदा दाबलं गेलं. तुम्ही एमपी४ केलंत तेव्हा दुसऱ्यांदा. यूट्यूबवर काहीही टाका, तिथे ते पुन्हा नव्याने दाबलं जातंच, म्हणजे तिसऱ्यांदा. दर वेळी थोडं चित्र फेकलं जातं आणि फेकलेलं परत येत नाही. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या खेपेचे चौकोन पुढच्या खेपेला खरं चित्र वाटतात, आणि ते जपण्यात जागा खर्ची पडते.

आता त्या डीव्हीडीचा हिशेब बघा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. ई-१८० कॅसेट म्हणजे तीन तास. ते सगळं एकाच तबकडीवर बसवलं तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. डीव्हीडीला ९.८ पर्यंत चालतं. एक-दीड तासाला एक तबकडी केली असती तर पुष्कळ फरक पडला असता, पण तेव्हा सगळे 'एकात बसवा' असंच सांगायचे आणि आम्हीही बसवून द्यायचो.

अक्षतांचं कारण वेगळं आहे. व्हिडिओ दाबताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण ठेवतात आणि पुढच्यांमध्ये काय हललं तेवढंच लिहितात. भटजी बसून मंत्र म्हणतायत तोवर हलतंय काय, फक्त ओठ आणि हात. स्वस्तात काम होतं. अक्षता पडल्या की हजारो दाणे हजार दिशांनी जातात, आधीच्या फ्रेममधलं काही कामाला येत नाही, ठरलेल्या जागेत ते मावत नाही आणि चौकोन पडतात. गुलाल, पाऊस, विसर्जनाची गर्दी, सगळीकडे तेच. म्हणून व्हिडिओ बरा झालाय का हे बघायचं असेल तर मी थेट अक्षतांवर जातो. ते ठिकाण बरं दिसलं तर बाकी सगळं बरंच असतं.

मूळ कॅसेट आहे का घरी? असेल तर डीव्हीडी बाजूला ठेवा, कॅसेटवरून पुन्हा करू.

रानजाई | ५ जून, सकाळी ७:५०

काका, किती नीट समजावलंत! कॅसेट आहे. काल रात्रीच माळ्यावरची ट्रंक उघडली. कव्हर ठीक आहे. पण कॅसेटच्या खिडकीतून आत गुंडाळीवर पांढरट ठिपके दिसतात, रव्यासारखे. शेजारच्या काकूंकडे चालू व्हीसीआर आहे. लावून बघू का?

कोकणकडा | ५ जून, सकाळी ८:०५

अजिबात लावू नका! ती बुरशी आहे.

आमच्या रत्नागिरीला पावसाळ्यात कपाटातली चामड्याची चप्पल पांढरी होते, कॅसेटचं काय घेऊन बसलात. मी तशीच एक कॅसेट लावली होती. आत फिरणाऱ्या ड्रमला बुरशी लागली, चित्र गेलं, टेप चिकटून ताणली आणि तुटली. तेवढ्यावर भागलं नाही. मशीन न पुसता त्यानंतर मुंजीची चांगली कॅसेट लावली, सहा महिन्यांनी तिच्यावरही तेच ठिपके आले.

ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून. पुण्या-मुंबईत कॅसेट उघडून टेप कोरडी साफ करून देणारे लोक अजून आहेत. देण्याआधी एकच विचारा, साफ करायचं मशीन आणि उतरवायचं मशीन वेगळं आहे का. एकच असेल तर देऊ नका.

आणि उशीर करू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची माहीत असलेली कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आता जे आहेत ते जुनेच, आणि त्यांचे रबरी पट्टे सैल होत चाललेत.

रानजाई | ५ जून, सकाळी ८:२०

बापरे, थोडक्यात वाचले. धन्यवाद! पुण्यात भावाला चौकशी करायला सांगते.

निळाशार | ५ जून, दुपारी १:१५

कॅसेट साफ होईपर्यंत रेघांचं आणि पसरलेल्या माणसांचं बघून घेऊ. नाहीतर कॅसेट कितीही चांगली उतरली तरी शेवटी तेच होणार.

आपल्याकडची टीव्हीच्या चित्राची पद्धत पाल. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत घेतलेलं. आधी एकाआड एक रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेघा. म्हणजे तुमच्या कॅसेटवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं आहेत आणि प्रत्येक वेगळ्या क्षणाचं आहे. जुना टीव्ही ती जशी आली तशी एकामागून एक दाखवायचा, म्हणून हालचाल मऊ दिसायची. लॅपटॉप दोन्ही अर्धी एकत्र विणून एकच चित्र करतो. माणूस स्थिर असेल तर काही कळत नाही. हात हलत असेल तर पहिल्या अर्ध्यात हात एका जागी, दुसऱ्यात जरा पुढे. त्याचाच कंगवा दिसतो.

हे सोडवण्याला डीइंटरलेस म्हणतात, आणि ते चित्राचा आकार बदलण्याआधी करायचं. हा क्रम चुकला की संपलं. तुमच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने बहुधा ५७६ रेघांचं चित्र ताणून १०८० केलं, त्यात कंगवाही ताणला गेला आणि कायमचा चित्रात बसला. आता त्या एमपी४वर कितीही फिल्टर लावा, तो निघणार नाही. ती फाईल सोडून द्या.

दुसरं, डीइंटरलेस करताना २५ फ्रेम नका करू, ५० करा. बहुतेक जण इथे चुकतात. २५ केलं की अर्धे क्षण टाकून दिले जातात. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात फिल्टर्समध्ये डीइंटरलेससाठी 'बीडब्ल्यूडिफ' निवडा, त्याचा प्रीसेट 'बॉब'. बॉब म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५० आणि 'कॉन्स्टंट'. याहून वरचं पाहिजे असेल तर क्यूटीजीएमसी नावाची पद्धत आहे. निकाल फार सुरेख येतो, पण मांडणी किचकट आणि वेळही खूप खाते. पहिल्या खेपेला हँडब्रेक पुरे.

माणसं पसरली कारण ४:३चं चित्र १६:९च्या चौकटीत ओढलंय. पालची फाईल ७२० बाय ५७६ असते. पण तिचे ठिपके चौरस नसतात, म्हणून नुसते आकडे बघून गुणोत्तर ठरवू नका. शेवटचं माप १४४० बाय १०८० ठेवा, ते बरोब्बर ४:३ आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे स्वतः भरू नका, यूट्यूबचा प्लेअर ते आपोआप करतो.

सुपारी | ५ जून, दुपारी २:००

पण मूळच ५७६ रेघांचं आहे, तर १०८० करून काय मिळणार? नुसतीच मोठी फाईल ना?

निळाशार | ५ जून, दुपारी २:३०

नवीन तपशील काहीच मिळत नाही, बरोबर आहे. फायदा दुसरीकडे आहे. तसंच ५७६चं चढवलं तर लोकांना जास्तीत जास्त ४८०चा पर्याय मिळतो. त्याला बिटरेट (सेकंदाला मिळणारी जागा) कमी, आणि ५० फ्रेम तिथे नसतातच, त्या ७२० पासून पुढे. म्हणजे बॉब करून मिळवलेली सगळी मऊ हालचाल फुकट जाते. १०८० करून चढवलं तर तीच कॅसेट तिथे जास्त जागा घेऊन राहते. मी तर १९२० बाय १४४० करतो. त्या मापाला यूट्यूब व्हीपी९ हा अधिक चांगला कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) लावतं. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकपुढे 'एव्हीसी१' आहे की 'व्हीपी०९' ते दिसेल.

हँडब्रेकमध्ये मोठं माप घेण्यासाठी डायमेन्शन्सच्या पानावर 'अलाव अपस्केलिंग'वर खूण करावी लागते, नाहीतर ते मूळ मापावरच अडून बसतं.

डोंबिवलीकर | ५ जून, रात्री ९:४०

निळाशार, उत्तम लिहिलंत. थोडी भर घालतो.

कॅसेट उतरवताना संगणकाला लावायचं जे यूएसबी यंत्र मिळतं, त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर थेट एमपीईजी करून देतं. तो मोह टाळा. व्हर्च्युअलडब किंवा तसं काही वापरा आणि 'हफवाययूव्ही' किंवा 'यूटी व्हिडिओ' यांतला एक कोडेक निवडा. यात काहीच फेकलं जात नाही. तासाला साधारण ३० जीबी लागतात, तेव्हा डिस्कवर शंभर तरी मोकळे ठेवा. माप ७२० बाय ५७६, २५, पाल. उतरवताना डीइंटरलेस करू नका, अर्धी चित्रं तशीच राहू देत. 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा वाढताना दिसला तर थांबा, नाहीतर तासाभराने मंगलाष्टकं एकीकडे आणि ओठ दुसरीकडे होतील.

खाली आठ-दहा रेघांचा एक फाटका, थरथरता पट्टा दिसेल. घाबरू नका, प्रत्येक व्हीएचएस कॅसेटला तो असतो. जुन्या टीव्हीची चौकट तो झाकायची म्हणून आपल्याला कधी दिसला नाही. तेवढं खालून कापा. डाव्या-उजव्या कडेचे आठ-आठ ठिपके कापले की ७०४ उरतात, खरं चित्र तेवढंच असतं.

आणि आवाज! व्हीसीआर मोनो असेल तर एकाच कानात येतो. तो दोन्ही बाजूंना घ्या. यूट्यूब मोठा आवाज उतरवून साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणतं, पण बारीक आवाज वाढवून देत नाही. आपल्या कॅसेटी नेहमी बारीक असतात. म्हणजे वाढवायचं काम आपणच चढवायच्या आधी करायचं. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' आहे, त्यात उणे १४ द्या.

यमन | ६ जून, सकाळी १०:००

एवढं सगळं करण्यापेक्षा एआय वापरून बघा ना. हल्ली अशी सॉफ्टवेअर आहेत की एका क्लिकवर जुना व्हिडिओ ४के होतो, आवाजातली खरखरही जाते.

मंजूताई | ६ जून, सकाळी ११:२०

यमन, मी तेच केलं होतं, म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाईंचं १९९३चं शूटिंग होतं, मंगळागौरीचं. एका एआय सॉफ्टवेअरमधून काढलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हरखले. साडीचा काठ काय, दागिने काय, सगळं लखलखीत. मग नणंद आली. बघता बघता गप्प झाली आणि म्हणाली, "वहिनी, आईचं गोंदण कुठंय?"

त्यांच्या कपाळावर कुंकवाखाली तीन ठिपक्यांचं आणि हनुवटीवर एक असं गोंदण होतं. त्या सॉफ्टवेअरला ते डाग वाटले असणार, त्याने पुसून टाकले. मग मी मूळ फाईल शेजारी लावून एकेक फ्रेम बघितली. डाव्या भुवईचा तुटकेपणा गेला होता. पुढचे दोन दात जरा एकमेकांवर होते, ते सरळ झाले होते. हसणं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. दूरच्या बायकांचे चेहरे तर सगळे एकसारखे.

तेव्हापासून मी घरच्या माणसांच्या चेहऱ्यांना हे लावत नाही. धूसर असली तरी ती आमची आई आहे, असं नणंद म्हणाली. मला ते पटलं.

निळाशार | ६ जून, सकाळी ११:४५

मंजूताई, +१. कारणही तेच आहे. कॅसेटवर चेहरा पंधरा-वीस ठिपक्यांचा असेल तर बाकीचं ते सॉफ्टवेअर आपल्या अंदाजाने भरतं. ज्यांवर ते शिकलं ते चेहरे आपल्या आजीचे नव्हते.

खरखर थोडी कमी केलीत तर चालेल, किंबहुना करावीच. कॅसेटवरचे उडते कण म्हणजे सतत पडणाऱ्या अक्षताच, ते जागा खातात. हँडब्रेकमध्ये 'एनएलमीन्स' नावाचा फिल्टर आहे, तो 'अल्ट्रालाइट' किंवा 'लाइट'वर ठेवा, त्यापुढे नको. साडीची जर पुसली जायला लागली की समजा जास्त झालं.

यमन | ६ जून, दुपारी १२:३०

मंजूताई, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या आजोबांचं मी असंच करून सगळ्यांना पाठवलंय. आज मूळ फाईल शोधतो.

पण आवाजाबद्दल अनुभवावरून एक सांगतो, मी घरी गाण्याची रेकॉर्डिंग करतो. रानजाई, आजीच्या ओव्यांना खरखर काढायचा फिल्टर लावू नका. तो फिल्टर सतत चालणारा आवाज शोधून काढून टाकतो आणि जात्याची घरघर हा नेमका तसाच आवाज आहे. ती गेली की ओवी अधांतरी लोंबते. जातं फिरतं त्याच लयीत श्वास घेतलेला असतो. विजेची गुणगुण असेल तर ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतल्या १००, १५० या जागांवर 'नॉच' (तेवढीच जागा कापणारा फिल्टर) लावा, बाकी तसंच ठेवा.

फिरस्ता | ७ जून, सकाळी ६:१५

एडिसन, न्यू जर्सीहून. आमच्यासारख्यांची एक वेगळीच अडचण. माझ्या मुलाची मुंज पुण्याला झाली, ती पालवर आहे. त्याचे वाढदिवस इथले, ते एनटीएससीवर (इथली टीव्हीची पद्धत), सेकंदाला २९.९७ फ्रेम आणि ४८० रेघा. मी दोन्ही एका टाइमलाइनवर जोडले. तेव्हापासून मुंजीत भटजींच्या हाताला दर काही क्षणांनी झटका बसतो. फार शोधल्यावर कळलं की २५चे ३० करताना सॉफ्टवेअर मध्येच फ्रेमा दुसऱ्यांदा दाखवतं.

मी शेवटी दोन्ही वेगळे चढवले आणि प्लेलिस्ट केली. लोक एकापाठोपाठ एक बघतात, कुणाला काही जाणवत नाही.

सुपारी | ७ जून, दुपारी ४:००

कॅसेटी माझ्याकडे नाहीत, पण पुढच्या महिन्यात भाचीचं बारसं आहे. शूटिंग फोनवर. मागच्या वेळी सगळ्यांनी एकमेकांना पाठवलेले व्हिडिओ गोळा केले तर सगळे मातकट. आणि हॉलमध्ये घेतलेल्यांत दिव्यांचे काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. यावर काही?

निळाशार | ७ जून, संध्याकाळी ६:३०

पट्टे विजेमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोन ३० किंवा ६० फ्रेमने घेतो आणि शटर त्या लयीशी जुळत नाही. हाताने शटर ठेवता येत असेल तर एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या पानावर 'शो पाल फॉर्मॅट्स' आहे. ते चालू केलं की २५ मिळतं.

तिथेच 'एचडीआर व्हिडिओ' (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी पद्धत) बंद करा. नाहीतर एचडीआरचे आणि साधे तुकडे जोडल्यावर एकात बाळ उजळ पांढरं, दुसऱ्यात करडं दिसतं.

मातकट होतात ते व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यामुळे, तिथे तो दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. मोठा असेल तर ड्राइव्हवर ठेवून दुवा.

फोनची फ्रेमरेट स्थिर नसते, उजेड कमी झाला की फोन ती स्वतःच खाली आणतो. एडिटिंगमध्ये मग आवाज मागेपुढे होतो. जोडण्याआधी प्रत्येक तुकडा हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट' करून घ्या. आणि शूटिंगला उभं राहायच्या आधी लेन्स सुती रुमालाने पुसा. बारशाला सगळ्यांचे हात तुपाचे असतात.

रानजाई | २९ जून, रात्री ११:००

मंडळी, कॅसेट साफ होऊन आली! पुण्याच्या माणसाने सांगितलं की सुरुवातीची चारेक मिनिटं गेलीत, म्हणजे मांडवाचं शूटिंग. बाकी सगळं उतरलं. काका, तुम्ही सांगितलंत तशीच यूटी व्हिडिओची फाईल घेतली, तीन तासांची ८८ जीबी. ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवलीय, एक माझ्याकडे, एक भावाकडे.

हँडब्रेकमध्ये पूर्ण तीन तास लावायच्या आधी फक्त अक्षतांची वीस सेकंदं काढून बघितली. पण चित्र पुढे-मागे थरथरतंय. लोक चालताना दोन पावलं पुढे, एक मागे असे दिसतात. काय चुकलं?

निळाशार | ३० जून, सकाळी ८:४०

छोटा तुकडा काढून बघितलात हे फार चांगलं केलंत. अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागलाय. आधीचं अर्धं नंतर दिसतंय. कॅसेट उतरवणाऱ्या यंत्रातून बहुतेक वेळा वरची रेघ आधी येते, फाईलवर मात्र खालची आधी असं लिहिलं गेलं असेल. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला 'कस्टम' निवडून तिथे पॅरिटी (कोणती रेघ आधी) वरचीला, म्हणजे शून्य, करून बघा.

ओव्यांच्या वेळी लक्षात असू द्या, मिनीडीव्हीवर खालची रेघ आधी असते.

रानजाई | ३० जून, रात्री १०:२०

झालं!! थरथर गेली.

अंतरपाट खाली येतो तेवढा भाग मी किती वेळा बघितला सांगू. जुन्या फाईलमध्ये तो पांढऱ्या रेघांचा एक झटका होता. आता कापड खरोखर घसरत येतं, मामाच्या बोटांतून सुटतं आणि मागून ह्यांचा चेहरा वर येतो. अक्षतांमध्ये आजीचा हात वेगळा दिसतो. बांगड्या मोजता येत नाहीत, पण आहेत हे कळतं. चेहराही धूसरच आहे, पण तिचाच.

आता क्वालिटीचा आकडा किती ठेवू? २२ आहे तिथे.

डोंबिवलीकर | ३० जून, रात्री १०:५५

वाचून बरं वाटलं हो.

तो आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. २२ घरी बघायला ठीक. चढवायला १६-१७ ठेवा. १०८०च्या ५० फ्रेमला यूट्यूब सेकंदाला १२ मेगाबिट सुचवतं, आपण त्याहून जास्त देऊ. पुढे तिथे दाबलंच जाणार आहे, तर त्याआधीचं शक्य तितकं शाबूत असावं. एच.२६४, एमपी४, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ, आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर खूण.

तीन तास एकत्र नका टाकू. सीमांतपूजन, लग्न, पंगत असे तुकडे करा, आत्यांनाही हवं ते लावता येईल. चढवायला वेळ लागेल. १० जीबीची फाईल, अपलोडचा वेग १० मेगाबिट असेल तर सव्वादोन तास. खातं फोन नंबरने पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाहीत, तेही आधी बघा.

गाण्यांचं एक. त्या काळात आम्ही मंगलाष्टकांनंतर सिनेमातली गाणी भरायचो. यूट्यूबवर खासगी ठेवलं तरी ती ओळखली जातात आणि हक्कदाराच्या अटीनुसार कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच दिसत नाही. आधी 'प्रायव्हेट' चढवून तपासणी होऊ द्या. अडलं तर तेवढ्या भागाचा आवाज काढा, मग 'अनलिस्टेड' करून दुवा द्या. अनलिस्टेड शोधात येत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतो. घरच्या ग्रुपवर तेवढं सांगून ठेवा.

आणि चढल्या चढल्या दुवा पाठवू नका. आधी लहान मापाची प्रत तयार होते, एचडी नंतर. घाईने उघडलं तर धूसरच दिसेल आणि लोक म्हणतील, झालं काय मग एवढं करून.

रानजाई | ६ जुलै, रात्री ९:३०

काल रात्रभर चढवत होते. तपासणीत पंगतीतलं एक गाणं अडलं. तेवढ्या दोन मिनिटांचा आवाज काढला, बाकी सगळं सुटलं. आज दुपारी एचडी झाल्यावर दुवा पाठवला.

आतेभावाने टीव्हीवर लावून दिलं. आत्याने सीमांतपूजन तीनदा बघितलं म्हणे. आत्याचे यजमान तिथे कोपऱ्यात उभे राहून कुणाला तरी पानसुपारी देतात, फार तर सहा सेकंदं. मला फोन करून म्हणाली, "अगं, त्यांनी तो तपकिरी कोट घातलाय, मी विसरलेच होते." डीव्हीडीत तो कोट काळा दिसायचा.

सगळ्यांचे खूप खूप आभार. आता ओव्यांची टेप. काकांचा हँडीकॅम चालू आहे, टेप स्वच्छ आहे, खिडकीतून नीट बघितलं.

डोंबिवलीकर | ६ जुलै, रात्री १०:०५

वा, छान झालं!

ओव्यांसाठी पिवळी-पांढरी-लाल वायर वापरू नका. मिनीडीव्हीवर चित्र आकड्यांतच साठवलेलं आहे, ते आकड्यांतच उतरवायचं. कॅमेऱ्याला फायरवायरचं (संगणकाला जोडायच्या जुन्या वायरचं) छोटं चार पिनांचं छिद्र असेल, त्यातून तासाला साधारण १३ जीबीची डीव्ही फाईल जशीच्या तशी येते, काहीही न गमावता. अडचण एवढीच की आताच्या लॅपटॉपना फायरवायर नसतं. कार्ड घातलेला जुना डेस्कटॉप लागेल.

रानजाई | ६ जुलै, रात्री १०:२०

कोल्हापूर-सांगलीकडे कुणाकडे असा संगणक आहे का? टेप मी स्वतः घेऊन येईन, कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही.

यमन | ६ जुलै, रात्री १०:३०

मी मिरजेला असतो. गाणी उतरवायला ठेवलेलं जुनं मशीन आहे, फायरवायरचं कार्ड अजून चालतं, केबल चार पिनांचीच आहे. रविवारी या, कॅमेरा आणि त्याचा चार्जर आठवणीने आणा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.